स्लीव्हनंतर वजन पुन्हा वाढल्यास दुसरी शस्त्रक्रिया कोणती?

प्रश्न: स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करतात ती) बहिणीचे वजन सुरुवातीला चांगले उतरले, पण आता ते पुन्हा वाढू लागले असून रात्री आडवे झाल्यावर छातीत जळजळ होते. डॉक्टरांनी बायपास आणि साडी-एस (SADI-S; स्लीव्ह ठेवून आतड्याचा बराच भाग वगळणारी शस्त्रक्रिया) असे दोन पर्याय सांगितले आहेत. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर १: जळजळ हाच निर्णायक मुद्दा समजावा. रू-एन-वाय या प्रकारच्या बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे आम्ल वर येणे बहुधा कमी होते. साडी-एसमध्ये स्लीव्ह तशीच राहते, म्हणून तो त्रास टिकू शकतो.

उत्तर २: हे मान्य, पण मूळ बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 50 च्या वर असेल तर केवळ वजनाच्या दृष्टीने साडी-एस सहसा सरस ठरते. मात्र अन्न शोषणारे आतडे साधारण 300 सेंटिमीटरच उरत असल्याने जुलाब आणि प्रथिने व अ, ड, ई, के जीवनसत्त्वांची कमतरता संभवते. ही कमतरता भरून काढणाऱ्या गोळ्यांचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

उत्तर ३: एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठर पाहणे) आणि बेरियम तपासणी (बेरियम पाजून काढलेला एक्स-रे) झाली आहे का? स्लीव्ह फुगली आहे की हायटल हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) आहे, हे कळल्याशिवाय ही सारी तुलना अधांतरीच आहे.