मदत हवी आहे: एका स्कीवर पाण्यावर उभं राहायला लोक शिकतात तरी कसे?

चोपडेंकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिलाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४२, वजन ७८ किलो, पोहता उत्तम येतं (नदीकाठचाच आहे). आमच्या वाड्यावरचे एक काका तारवटी होते, उभा जन्म बोटीवर गेला. गेल्या चतुर्थीला माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती) चौकट उतरवायला त्यांच्या माळ्यावर चढलो, तर मागे एक लांबलचक फळी दिसली. पुढे रबरी बूट, त्याच्यामागे नुसता एक पट्टा. काका म्हणाले, "एका गोऱ्यानं दिलेली. मी कधी पाण्याला लावली नाही. ने तू." ती निघाली स्लॅलमची वॉटर स्की.

तेव्हापासून डोक्यात तेच. व्हिडिओ पाहून पाहून पाठ झालंय: सहा बोये (पाण्यावर तरंगते गोळे), मध्यरेषेपासून प्रत्येक साडेअकरा मीटर बाहेर, बोट सरळ मधून जाते आणि मागचा माणूस एकदा डावीकडे एकदा उजवीकडे पाणी कापत सहाही बोये बाहेरून घेतो. २५९ मीटरचा सगळा खेळ. पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत वाढवत नेतात आणि तोही जमला की मग दोरी आखूड करत जातात. १८.२५ मीटरवरून सुरुवात, पुढे पुढे ती बोयापर्यंत पोचतसुद्धा नाही, उरलेलं अंतर माणूस अंग लांबवून भरून काढतो!

आता माझी गोष्ट. भावोजींची पर्यटकांसाठीची बोट आहे, चाळीस अश्वशक्तीचं इंजिन. रविवारी इथे गोव्यात शापोरा नदीत उतरलो. अकरा वेळा प्रयत्न, अकराही वेळा तोंडावर. बोट सुटली की पहिली दोन सेकंद स्की सरळ असते, मग एकदम आडवी होते आणि पाण्याची भिंत छातीवर येते. मी दोरीच्या टोकाची दांडी जिवाच्या आकांतानं छातीशी ओढून धरतो, तरी हीच गत. भावोजी वरून ओरडतात, "हात सरळ दवर रे!" पण हात ऐकत नाहीत. घरी आलो तेव्हा चहाचा कप उचलेना. बायको काही बोलली नाही, फक्त कप माझ्या हातातून घेऊन बशीत ओतून दिला.

प्रश्न असे: सगळे थेट एकाच स्कीवर सुरुवात करतात का? या वयात जमतं का? इंजिन कमी पडतंय की मी?

उसाचा_रस

बनाना राईडवर बसा, फोटो काढा, घरी या. पडायचं तिथेही असतंच आणि तिथे त्याचे पैसे घेतात.

तळ्यातमळ्यात

उसाचा_रस यांच्याकडे दुर्लक्ष करा. मी हे वयाच्या अडतिसाव्या वर्षी शिकले, अमेरिकेत असताना, एका तळ्यावर. सध्या मुक्काम म्हापशाला. जरा सविस्तर लिहिते.

थेट एका स्कीवर जवळजवळ कुणीच सुरुवात करत नाही. तिकडे हे शिकतात ती मुलं कशी शिकतात माहीत आहे? काकाची किंवा शेजाऱ्याची बोट असते, सुट्टीत सगळे तळ्यावर जातात, पाचसहा वर्षांचं पोर आधी दोन स्कींवर उभं राहतं. दोन-तीन उन्हाळ्यांत कुणीतरी म्हणतं, "आता एक सोडून बघ." क्लबात नाव घालणं, प्रशिक्षक, बोये, हे सगळं त्यानंतर. म्हणजे लोक या खेळात स्कीमुळे येत नाहीत, घरात कुणी धीरानं बोट चालवणारं असतं म्हणून येतात. तुमच्याकडे भावोजी आहेत. निम्मं काम झालंय.

आता तुमचं चुकतंय कुठे. एक, दांडी छातीशी ओढता. ओढलीत की वजन पुढे जातं, स्कीचं टोक बुडतं, संपलं. पाण्यात गोळा होऊन बसायचं: पुढचा गुडघा छातीला, हात सरळ, टोक पाण्याबाहेर. आणि वाट बघायची. आपण उभं राहायचं नसतं, बोट उभं करते. दिवेलागणीला आजी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसायची, तसं बसा. दोन, घाई. स्की पाण्यावर तरंगायला लागल्याचं तळपायाला कळतं, तोवर उठायचं नाही.

तीन, इंजिन. एका स्कीला पाण्यात टेकायला जागा कमी, म्हणून बोटीला जास्त ओढ द्यावी लागते. ७८ किलोचा माणूस आणि चाळीसचं इंजिन, वर बोटीत आणखी दोघंतिघं असतील तर तुम्ही नुसते फरफटत राहणार. दोन स्कींवर तेच इंजिन तुम्हाला सहज उचलेल.

माझ्याकडे कॉम्बो जोडी पडून आहे. दोन्हींना पुढे बूट, पण एकीला मागे जादा पट्टा असतो. दोन्हींवर उठायचं, सवय झाली की बिनपट्ट्याची सोडायची आणि मोकळा पाय मागच्या पट्ट्यात घालायचा. घेऊन जा. काकांच्या स्कीला अजून सहा महिने हात लावू नका.

चोपडेंकर

ताई, तुम्ही देवमाणूस आहात. आजीचं उदाहरण वाचून आत्ता इथे जमिनीवर बसून पाहिलं. मुलगी विचारतेय, बाबा पोट दुखतंय का?

पुढचा पाय कुठला ठेवायचा हे कसं ठरवायचं? आणि दोरी मी ट्रॉलरवरची नायलॉनची वापरली, चालेल ना?

मांडवीकाठ

नाही चालणार! नायलॉन ताणला जातो. तुम्ही दांडी सोडलीत किंवा कडी निसटली तर ती दोरी बोटीतल्या माणसाच्या तोंडावर परत येते. स्कीची दोरी कमी ताणणारी आणि तरंगणारी असते, वेगळी मिळते. दोरीवर पैसे वाचवू नका.

दुसरं, तुमच्या लिहिण्यात बोटीवर दोन माणसं दिसत नाहीत. चालवणारा पुढे बघणार, मग मागे तुमच्याकडे कोण बघणार? एक माणूस केवळ मागे तोंड करून बसायला हवा. पडलात की हात वर करायचा, म्हणजे शुद्धीवर आहात हे कळतं. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर हात थोपटला की परत चल. हे आधी किनाऱ्यावर ठरवून घ्या, कारण इंजिनाच्या आवाजात कोकणीही ऐकू येत नाही आणि मराठीही. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट, पर्यटकांना देतात तसं गळ्याशी येणारं ढगळ नको. आणि खाली निओप्रीनची (जाड रबरी कापडाची) चड्डी घाला. का ते इथे लिहीत नाही, वेगात बसकण मारून पडलात तर कळेल आणि मग उशीर झालेला असेल.

भावोजींना सवड असेल तर करंझाळेच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट हाताळण्याचा अभ्यासक्रम असतो, जीवरक्षणाचाही. बनाना ओढणं वेगळं, माणूस ओढणं वेगळं. बोटीची कागदपत्रं आणि कुठे ओढायला परवानगी आहे हे बंदर कप्तान खात्यात आधी विचारून घ्या.

तळ्यातमळ्यात

मांडवीकाठ यांना +१, विशेषतः चड्डीबद्दल.

पुढचा पाय: कुणीतरी मागून नकळत ढकललं की जो पाय आधी पुढे पडतो तो, असं म्हणतात. पण मला ते फसवं वाटतं. दोन स्कींवर स्थिर झालात की चालता चालता एकेक पाय जरासा उचलून बघा. ज्यावर जास्त वेळ टिकता तो पुढचा.

पाण्यात जायच्या आधी अंगणात सराव करा. दांडीची दोरी माडाला बांधा, जमिनीवर गोळा होऊन बसा, हात सरळ ठेवून मागे रेलत फक्त पायांच्या जोरावर उठा. कोपर वाकलं की चूक.

आणि तोंडावर पडण्याची लाज वाटत असेल तर ऐका. हा खेळ १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं सुरू केला. त्यानं आधी पिंपाच्या फळ्या लावून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. मग लाकडाच्या फळ्या आणून त्यांची टोकं आईच्या कपडे उकळायच्या भांड्यात वाफवून वाकवली. तरी पडतच होता. मागे रेलून टोकं पाण्याबाहेर काढली तेव्हा कुठे उभा राहिला. तुमचं बरोबर तेच अडलंय, एकशे काही वर्षांनी.

दर्यासारंग_निवृत्त

मला स्कीतलं काही कळत नाही, पाण्यातलं कळतं. रविवार बघून जाऊ नका, तिथी बघून जा. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं, वर भांगाचं (अष्टमीच्या आसपासची लहान भरती), त्यामुळे ओढ कमी. वारा अजून उठलेला नसतो. नदीत आत जाल तशी वेळ थोडी पुढे सरकेल. पौर्णिमा-अमावस्येला त्याच वेळी सुकती (ओहोटी) असते आणि एरवीही ओढ जोरात, शिवोलीच्या पुलाखाली पाणी कसं पळतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

भरलेल्या पाण्यात एक धोका: जाळ्यांचे खुंट बुडून दिसेनासे होतात. आदल्या दिवशी सुकतीला होडीतून जाऊन बघून ठेवा. तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायकांना विचारा, तळ त्यांच्याइतका कुणाला माहीत नाही.

चोपडेंकर

धागा वर काढतोय. वृत्तांत द्यायचा राहिला होता.

वद्य अष्टमीला गेलो. म्हापशाहून ताईंची जोडी, नवी दोरी, मागे तोंड करून बसायला भाचा. पाणी तेल ओतल्यासारखं. पहिल्या दोन वेळा पडलो. तिसऱ्यांदा मनात आजीला आणलं आणि काहीच केलं नाही, खरोखर काहीच नाही, आणि तळपायाखाली पाणी एकदम कडक झालं. उभा होतो! भावोजींनी इतका आनंद केला की वेग कमी करायचंच विसरले. अंगठा खाली करायला हात सोडायला हवा हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या रविवारी डावी स्की सोडली. टाच वर, पाय बाहेर, आणि तो मोकळा पाय कुठे ठेवावा हे न कळून हवेतच. भाच्यानं मोजले, सहा सेकंद. पट्टा काही सापडला नाही.

सोडलेली स्की मात्र सुकतीबरोबर निघून गेली. (ताई, घाबरू नका, मिळाली. तिसऱ्यावाल्या एका मावशीनं ती आडवी ठेवून तिच्यावर टोपली ठेवली होती. दोन दिवस मागायला लाज वाटली.)

आता पुढचा प्रश्न. मोकळा पाय पट्ट्यात घालताना खाली बघितलं की मी पडतो आणि नाही बघितलं तर पट्टा सापडत नाही. करायचं काय?

तळ्यातमळ्यात

खाली अजिबात बघायचं नाही, बोटीच्या वर कुठेतरी बघा. पाय आधी स्कीच्या मागे पाण्यातच अंगठा टेकवून ओढत न्या, सुकाणूसारखा. त्यानं तोल मिळतो. मग स्कीवर, पट्ट्याच्या मागे ठेवा. थांबा. मग पुढे सरकवा. तीन तुकड्यांत करा. आणि पट्टा आधी सैल करून ठेवा, नव्या माणसाला तो नेहमी घट्ट असतो.

उसाचा_रस

सहा सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. भावोजींच्या बोटीत मागे बघायला अजून एक माणूस लागतो का?