सल्ला हवा: ४० हजारांत होम थिएटर रिसीव्हर, बाबांना संवाद ऐकू यायला हवेत

मुळामुठा

नमस्कार मंडळी. रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन तो वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा ॲम्प्लिफायर, घ्यायचा आहे. गेले तीन आठवडे वाचून वाचून गोंधळ वाढतच चाललाय, म्हणून धागा काढते आहे.

घर सिंहगड रोडला, दुसरा मजला. हॉल साधारण ११ बाय १४. टीव्ही ४३ इंची, भिंतीवर, आणि त्याच्या एका एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय. बाबा ७४ वर्षांचे. त्यांची आरामखुर्ची खिडकीपाशी, म्हणजे टीव्हीच्या बरीच उजवीकडे. तिथे उजेड आणि वारा दोन्ही मिळतं, त्यामुळे ती हलणार नाही. संध्याकाळी मालिका, रात्री कधी सिनेमा, रविवारी सकाळी नाट्यसंगीत. टीव्हीचा आवाज ३५ च्या खाली गेला की त्यांना बोलणं कळत नाही. ३५ वर ठेवला की मारामारी किंवा पार्श्वसंगीत सुरू झाल्यावर आई दचकते. रोज रात्री रिमोट वर-खाली. कान तपासून झालेत, यंत्रही घेतलंय, पण टीव्ही बघताना त्यांना ते नकोसं होतं.

घरात जुने दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. ८ ओहम, मागे ८८ डीबी लिहिलंय. भावाच्या ॲम्प्लिफायरला लावून पाहिले, उत्तम वाजतात.

एकूण बजेट ४०,०००, वायरीसकट. शनिवारी तपकीर गल्लीत फिरून आले. ५.१ चे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर) साधे रिसीव्हर तीस हजारांच्या आसपास सांगितले. एका दुकानदाराने त्यापेक्षा स्वस्तात सगळं एकत्र येणारा खोका दाखवला, त्यावर १००० वॅट लिहिलेलं. पिंपळे सौदागरला एकजण वापरलेला ७.२ चा (सात स्पीकर, दोन सबवूफर) ॲटमॉसवाला, म्हणजे वरूनही आवाज देणारा, रिसीव्हर २२ हजारांना देतोय. आणि मावसभाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येणार आहे, "तिकडून आणू का?" विचारतोय. काय करू?

सदाशिवपेठी

साउंडबार घ्या आणि मोकळ्या व्हा. एक केबल, एक रिमोट. ७४ वर्षांच्या माणसाला रिसीव्हरचं रिमोट देऊ नका.

तारायंत्र

साउंडबारचा मुद्दा गैर नाही, पण मुळामुठाताईंकडे चांगले स्पीकर आधीच आहेत. ते अडगळीत टाकायचे कशाला?

आधी १००० वॅटचं बघू. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा सगळ्यात साध्या रिसीव्हरपैकी एक. त्याच्या माहितीपत्रकात एकाच यंत्राचे तीन आकडे आहेत. १३५ वॅट, पण ते एकच चॅनल (एका स्पीकरचा मार्ग) चालू असताना, एकाच स्वरावर, १० टक्के विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) चालवून घेतली तर. विकृती ०.९ टक्क्यावर आणली की १००. आणि दोन चॅनल, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत पूर्ण पट्टा, विकृती ०.०९ टक्के, असं मोजलं की ७०. तिन्ही आकडे खरे आहेत, मोजायची रीत वेगळी. या कंपनीने निदान रीत लिहिली तरी आहे. खोक्यावर नुसतंच "१००० वॅट" असेल आणि कशावर मोजलं ते नसेल, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आता तुम्हाला किती लागतात ते बघा. ८८ डीबी म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८८ डेसिबल. ३ मीटरवर बसलात तर मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल कमी होतात, म्हणजे साधारण ७८. बंद खोलीत भिंतींमुळे एवढेही कमी होत नाहीत. घरातलं बोलणं ६० ते ६५ च्या आसपास असतं. म्हणजे बाबांना जे संवाद ऐकायचेत त्यांना एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणून १६ वॅटला ७८ चे ९० होतात, आणि ९० तुमच्या हॉलमध्ये कोणी लावणार नाही. ७० वॅटचा रिसीव्हर तुम्हाला भरपूर झाला. वॅटसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

नादखुळा

तारायंत्र यांना +१. एकत्र खोक्यातल्या संचाबद्दल अजून एक. त्यातले स्पीकर बरेचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात आणि प्लग त्या कंपनीचाच. उद्या आतला ॲम्प्लिफायर गेला की सगळा संच भंगारात. सुटे घेतले की एकेक भाग बदलता येतो.

पण मग रिसीव्हर तरी कशाला? दोन स्पीकर आहेतच. चांगला स्टीरिओ ॲम्प्लिफायर घ्या, नाट्यसंगीत सुरेख वाजेल, निम्मे पैसे वाचतील.

तारायंत्र

नादखुळा, संगीतासाठी मीही तेच म्हणालो असतो. इथे अडचण बाबांच्या खुर्चीची आहे.

दोन स्पीकरांवर संवाद मधून येतोय असं आपल्याला वाटतं, कारण दोन्हीकडून सारखाच आवाज एकाच वेळी कानावर पडतो. हे बरोबर मध्ये बसलेल्यालाच लागू. बाजूला सरकलं की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि मोठा पोचतो, आणि मेंदूला सगळं तिथूनच येतंय असं वाटतं. बाबा पार उजवीकडे बसतात. त्यांना बोलणं उजव्या स्पीकरमधून येईल, त्याच स्पीकरमधून संगीत आणि पावसाचा आवाजही, आणि डावीकडून तेच संवाद किंचित उशिरा येऊन मिसळतील.

सिनेमाच्या ५.१ आवाजात संवाद बहुतेक सगळा मधल्या चॅनलवर स्वतंत्र ठेवलेला असतो. टीव्हीखाली खरोखरचा सेंटर स्पीकर असेल तर कुठल्याही खुर्चीवरून तोंडाचा आवाज तोंडाच्या जागेवरूनच येतो. आणि रिसीव्हरमध्ये त्या एकाच चॅनलची पातळी ३ डेसिबलने वाढवता येते, बाकी सगळं होतं तिथे ठेवून. आईंचं दचकणं आणि बाबांचं न ऐकू येणं, दोन्ही तिथे सुटतं. स्टीरिओ ॲम्प्लिफायरला हे जमत नाही.

म्हणून माझं मत: साधा ५.१ चा रिसीव्हर, तुमचे दोन स्पीकर, आणि उरलेल्या पैशांत जमेल तेवढा चांगला सेंटर. मागचे स्पीकर आणि सबवूफर आत्ता नको.

नादखुळा

पटलं. खुर्ची लक्षातच आली नव्हती.

औंधवाला

वापरलेला ७.२ घेण्याआधी थांबा. मी असाच एक घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही. घरी आणल्यावर चार महिन्यांत एचडीएमआयचा बोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की आतल्या उष्णतेने हे बोर्ड जातात आणि जुन्या मॉडेलचा भाग मिळत नाही. तरी बघायला गेलातच तर स्वतःचा एक स्पीकर आणि एचडीएमआय केबल घेऊन जा. एकेक चॅनल त्याच स्पीकरवर वाजवून बघा. आवाज मध्यम ठेवून अर्धा तास तरी चालू ठेवा. खटकन रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) पडून बंद होतोय का, जळका वास येतोय का, आवाज कमी-जास्त करताना खरखरतंय का, ते बघा. आणि खोलीनुसार आवाज लावायचा, सेटिंगचा माइक मागा. तो ज्या कंपनीचा त्याच कंपनीला चालतो, दुसऱ्याचा लावून उपयोग नाही.

तुमच्या कामाला ॲटमॉस लागतच नाही. छताला स्पीकर लावणार नसाल तर ७.२ मधले अर्धे टर्मिनल रिकामे राहतील.

पेन्सिल

न्यू जर्सीचं: तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिथला रिसीव्हर इथे थेट प्लगला लावला तर पहिल्याच मिनिटाला जळेल. वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, निदान ५०० व्हीएचा. तो जड असतो आणि रात्रीच्या शांततेत गुणगुणतो. रिसीव्हर स्वतःच सात-आठ किलोचा, म्हणजे मावसभावाच्या बॅगेतलं बरंच वजन त्यातच गेलं. वरून वॉरंटी बहुधा तिकडचीच. वाचणारे पैसे तिथल्या तिथे संपतात. त्यांना चितळ्यांची भाकरवडी इथून न्यायला सांगा, तिकडून काही आणू देऊ नका.

मुळामुठा

किती नीट समजावलंत सगळ्यांनी. वापरलेला आणि न्यू जर्सी दोन्ही बाद.

आता दोन शंका. टीव्हीला साधं एआरसी आहे, त्याची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती ईएआरसी नाही. त्यासाठी टीव्ही बदलायला लागेल का? आणि रिसीव्हर कुठला, यामाहा की सोनीचा एसटीआर-डीएच५९०?

तारायंत्र

टीव्हीला हात लावू नका. ओटीटीवरचा ५.१ आवाज मुख्यतः डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये (दाबून पाठवलेल्या आवाजाचा एक प्रकार) येतो आणि तो साध्या एआरसीमधून जातो. ईएआरसी लागतं ते ब्लू-रेवरच्या संपूर्ण, काहीही न गाळलेल्या आवाजासाठी. तुमच्याकडे ब्लू-रे नाही. फक्त ऑप्टिकल केबल वापरू नका, तिच्यातून साधं डॉल्बी डिजिटल जातं, प्लस जात नाही.

दोन्ही रिसीव्हर चालतील. दोघांना चार एचडीएमआय इनपुट, एक आउटपुट, ब्लूटूथ, आणि खोलीनुसार पातळी लावून देणारा माइक सोबत येतो. सोनीला सबवूफरचे दोन आउटपुट आहेत, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. जो पुण्यातल्या दुकानातून पक्क्या बिलावर, भारतातल्या वॉरंटीसह मिळेल तो घ्या. दुकानात साठा जुना असतो, खोक्याचं सील बघून घ्या.

सेंटर मात्र ऐकून घ्या. स्वतःच्या फोनवर मराठी नाटकातला किंवा बातम्यांमधला बोलण्याचा तुकडा घेऊन जा. पुरुषाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर तो सेंटर नको, कितीही देखणा असो. शक्य झालं तर बाबांनाच न्या.

औंधवाला

वायरीवर पैसे उडवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर हॉलला पुरते. स्पीकर वायर म्हणून जी चकचकीत पारदर्शक मिळते ती बरेचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. टोक चाकूने खरवडून बघा, आतून पांढरं दिसलं तर ठेवून द्या.

आणि रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर निदान वीतभर जागा मोकळी हवी.

मुळामुठा

मंडळी, आणला! काल रात्री जोडला. यामाहा आरएक्स-व्ही३८५ २८,५०० ला पडला, सेंटर ८,२००, वायर आणि एचडीएमआय केबल मिळून १,४५०. बाबांना दुकानात नेलं होतं. त्यांनी चार सेंटर डोळे मिटून ऐकले आणि तिसऱ्याला "याचा 'स' आणि 'श' वेगळा कळतो" म्हणाले. तोच घेतला. आमच्या बजेटमधला तो सगळ्यात स्वस्त निघाला.

पण एक अडचण आहे. माइक लावून सेटिंग केलं, तेव्हा सेंटरमधून आवाज आला. आता ओटीटीवर सिनेमा लावला तर सेंटर गप्प, फक्त डावा-उजवा वाजतोय. सेट-टॉप बॉक्सवर मालिकांचंही तेच. सेंटर बिघडलाय का?

तारायंत्र

सेटिंगच्या वेळी वाजला म्हणजे सेंटर ठणठणीत आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओटीटीसाठी टीव्हीच्या साउंड मेन्यूत जा. डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (टीव्हीने स्वतःच उलगडून दिलेला आवाज) असणार. एआरसीमधून पीसीएम फक्त दोन चॅनलचं जातं. ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा, टीव्हीनुसार शब्द बदलतो. रिसीव्हरच्या पडद्यावर डॉल्बी उमटलं की झालं.

मालिकांचं प्रसारणच बहुतेक स्टीरिओ असतं, त्यात मधला चॅनल मुळातच नसतो. रिसीव्हर स्ट्रेटवर (आलेला आवाज जसाच्या तसा) असेल तर तो दोनाचे दोनच वाजवणार. रिमोटवरचं सराउंड डिकोडरचं बटण दाबा. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे, म्हणजे मुख्यतः बोलणं, ते तो वेचून सेंटरला देतो. रविवारच्या नाट्यसंगीताला मात्र पुन्हा स्ट्रेट करा, दोन स्पीकरांवर ते जास्त मोकळं वाटेल.

सबवूफर नाही, तेव्हा मेन्यूत सबवूफर "नाही" असंच आहे ना ते तपासा. नाहीतर खालचे स्वर नसलेल्या सबवूफरकडे जातील आणि तबला-पखवाज पोकळ वाटेल.

सदाशिवपेठी

साउंडबार सुचवणारा मीच, पण खुर्चीचं गणित वाचून माझ्या घरातली मांडणी तपासली. आईही बाजूलाच बसते. सेंटर टीव्हीखाली ठेवताना काही काळजी?

तारायंत्र

पुढची कड टेबलाच्या कडेला लावून ठेवा, मागे सरकवला की आवाज फळीवर आपटून गढूळ होतो. टेबल बुटकं असेल तर पुढच्या बाजूला खाली रबरी पाचर घालून तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वर करा.

मुळामुठा

पीसीएमच होतं! बदललं, सेंटर बोलायला लागला. डिकोडरही लावला. सबवूफर "नाही" असंच आहे.

सेंटरची पातळी आधी ३ डेसिबल वाढवली, मग बाबांनीच एक डेसिबलने कमी करायला सांगितली. काल नऊची मालिका आईने स्वयंपाकघरातून आवाज न देता पूर्ण होऊ दिली. सदाशिवपेठी, रिमोटचा प्रश्न आला नाही. टीव्हीत एचडीएमआय नियंत्रण चालू केलं की टीव्हीच्या जुन्या रिमोटनेच रिसीव्हर चालू-बंद होतो आणि आवाजही त्यानेच कमी-जास्त होतो. नवीन रिमोट मी कपाटात ठेवून दिलाय.

उरलेल्या १,८५० त स्पाइक गार्ड आणि सेंटरखाली घालायला पाचरी आणते. मागच्या दोन स्पीकरांचं दिवाळीनंतर बघू. पुढच्या आठवड्यात रंगकाम आहे, तेव्हा भिंतीच्या पट्टीतून त्यांच्या वायरी आत्ताच ओढून ठेवते. किती मागे घेऊ, सोफ्याच्या रेषेत की त्याहून मागे?

तारायंत्र

किंचित मागे. समोर टीव्ही शून्य अंश धरला तर दोन्ही बाजूंना ११० अंशांच्या आसपास, कानापेक्षा जरा उंच. दोन्ही टोकांना हातभर वायर जास्त सोडा.