फॅनॉन वाचताना फ्रॉइड लागतोच का?

जुना_वाचक:
वर्णभेद, मनोविश्लेषण (म्हणजे फ्रॉइडची अबोध मन उकलण्याची पद्धत) आणि संस्कृतीसमीक्षा हे तिन्ही एकाच मुखपृष्ठाआड कोंबलेली पुस्तकं हल्ली भरपूर दिसतात. त्यांतली बरीचशी फ्रान्झ फॅनॉन या काळ्या मनोविकारतज्ज्ञ-लेखकाचं बोट धरून चालतात, म्हणून थेट त्याच्याबद्दलच बोलतो. माझं मत असं की फॅनॉन मोठा आहे तो डॉक्टर म्हणून. त्याचं मनोविश्लेषण हा त्याच्यातला सगळ्यात कच्चा भाग, आणि विद्यापीठांनी नेमका तोच डोक्यावर घेतला.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: जन्म १९२५, कॅरिबियनमधलं मार्तिनिक बेट, तेव्हा फ्रेंच वसाहत. ल्योंला वैद्यकीचं शिक्षण. 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' १९५२ साली आलं. तोच मजकूर आधी प्रबंध म्हणून द्यायचा त्याचा बेत होता. तो चालेना, तेव्हा एका मज्जाविकारावर दुसरा प्रबंध लिहून त्याने पदवी पदरात पाडून घेतली. या पुस्तकात तो ठोकून देतो की फ्रेंच अँटिलीजमधल्या ९७ टक्के कुटुंबांत इडिपस गंड, म्हणजे फ्रॉइडने सांगितलेली मुलाची आईविषयीची ओढ आणि बापाशी स्पर्धा, निर्माणच होऊ शकत नाही. हे ९७ कुणी मोजले, कधी मोजले? काही नाही. पुढच्या वाक्याला सुरुवात!

आता त्याच पुस्तकातलं चौथं प्रकरण बघा. १९४७ साली मादागास्करमध्ये उठाव झाला आणि फ्रेंचांनी तो रक्तात बुडवला. तिथे कित्येक वर्षं राहिलेल्या ऑक्ताव मानोनी या फ्रेंच माणसाने १९५०मध्ये पुस्तक लिहून निष्कर्ष काढला की मालागासी माणसाला मुळातच परावलंबनाचा गंड असतो, त्याला कुणीतरी मालक लागतो. पुराव्याला तिथल्या लोकांची स्वप्नं. मुलांच्या स्वप्नात काळा बैल मागे लागतो, फ्रेंच फौजेतला सेनेगाली शिपाई बंदूक घेऊन येतो. मानोनीला त्यात बाप दिसला, लिंग दिसलं. फॅनॉन म्हणतो, ती बंदूक म्हणजे खरीखुरी बंदूक आहे, लेबेल बनावटीची, १९१६चं मॉडेल. त्या काळात तिथल्या पोलीस कचेऱ्यांत सेनेगाली शिपायांकडून लोकांचा छळ करवला जात होता, त्याच्या साक्षी तो तिथेच देतो. संपला विषय. याला फ्रॉइड कशाला हवा?

आणि ब्लीदा. १९५३मध्ये तो तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियातल्या या मनोरुग्णालयात रुजू झाला. सभा, रुग्णांचं वार्तापत्र, सिनेमा, सण, असे सामूहिक उपचार त्याने सुरू केले. फ्रान्समध्ये सेंत-आल्बाँच्या मनोरुग्णालयात तोस्केल या मनोविकारतज्ज्ञाच्या हाताखाली तो हे शिकला होता. युरोपीय बायकांच्या वॉर्डात महिन्याभरात फरक दिसायला लागला. मुस्लीम पुरुषांच्या वॉर्डात मात्र लोक भिंतीला टेकून बसून राहिले. दुभाषा लावून सभा घेतली, ओ की ठो नाही. तेव्हा त्याने आणि त्याचा सहकारी आझुले याने १९५४च्या लेखात साफ लिहिलं की आपण या माणसांवर फ्रेंच जगणं लादत होतो. मग वॉर्डात मूरिश, म्हणजे तिथल्या अरब पद्धतीचं कॉफीघर निघालं, त्यांचे स्वतःचे सण सुरू झाले, गोष्टी सांगणारा माणूस बोलावला, आणि वॉर्ड हलला. यात इडिपस कुठे आहे ते कुणीतरी दाखवा.

मनोविकारवाला:
असहमत. बंदूक खरी आहे हे म्हणणं म्हणजे मनोविश्लेषण फेकून देणं नव्हे. फॅनॉन ती स्वप्नं सोडून देत नाही. ती कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणत्या पोलिसांच्या राज्यात पडली हे विचारतो. चांगला विश्लेषक हेच करतो. मानोनीने ते केलं नाही, एवढंच.

आणि रेल्वेतला प्रसंग तुम्ही सोयीने गाळलात. गोरं पोर आईला बिलगून म्हणतं, तो बघ काळा माणूस, मला भीती वाटते. फॅनॉनने त्या पोराचं काहीही वाकडं केलेलं नाही. पोर घाबरलंय ते गोष्टींतून, चित्रांतून डोक्यात बसलेल्या एका प्रतिमेला. त्या क्षणी फॅनॉनला स्वतःचं शरीर परकं होतं. हे कॉफीघराने कसं समजवाल? कायदा बदलला तरी पोर घाबरतंच.

जुना_वाचक:
डॉक्टर, तो प्रसंग जबरदस्तच आहे. पण तो जे सांगतो ते कुठल्याही सिद्धांताशिवाय पोचतं. त्याच पुस्तकात लाकाँ या फ्रेंच मनोविश्लेषकाच्या 'आरशाच्या टप्प्या'वर (मूल आरशातल्या प्रतिमेतून स्वतःला ओळखतं, हा त्याचा सिद्धांत) लांबलचक तळटीप आहे. ती गाळा, प्रसंगाला ओरखडाही जात नाही.

तिरकस:
तळटीप गाळायची कशी? तिच्यावर किती जणांच्या नोकऱ्या चालल्यात. :-)
आपल्याच मुंबईत जन्मलेल्या, एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या होमी भाभा या साहित्य-समीक्षकाने 'ब्लॅक स्किन'च्या १९८६च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली आणि त्यातल्या लाकाँला असं काही खतपाणी घातलं की अल्जीरिया दिसेनासा झाला. १९९८मध्ये एका तत्त्वज्ञान-साहित्याच्या नियतकालिकाने वाईट लेखनाची स्पर्धा घेतली, त्यात दुसरा नंबर याच गृहस्थांचा. पहिला जुडिथ बटलर या अमेरिकन तत्त्वज्ञांचा. वर्णभेदाविरुद्ध लिहिलेलं पुस्तक ज्याच्यासाठी आहे त्यालाच कळू नये, ही केवढी कामगिरी!

चष्मेबद्दूर:
भाभांची वाक्यं कठीण आहेत, मान्य. म्हणून म्हणणं खोटं ठरत नाही. साहेबाची नक्कल करणारा नेटिव्ह साहेबालाच अस्वस्थ करतो, हे त्यांचं निरीक्षण मुंबईच्या कुठल्याही जुन्या क्लबात जाऊन पडताळून घ्या. आणि फॅनॉनसुद्धा सोपा नाही. मुखवट्याबद्दलचं पुस्तक लिहिणाऱ्याला क्रांतीची पत्रकं लिहायला लावू नका.

गावकुसाबाहेरचा:
धागा चांगला आहे, पण 'मन, का व्यवस्था?' असा जो सामना लावलाय तो मला पटत नाही. बाबासाहेबांनी १९३६मध्येच, जात निर्मूलनावरच्या त्या न झालेल्या भाषणात लिहिलं होतं की जात म्हणजे विटांची भिंत नव्हे, ती मनाची अवस्था आहे. म्हणून ते मन बदलण्याच्या शिबिरांत रमले का? त्या मनाला पोसणाऱ्या धर्मशास्त्रांवर घाव घाला म्हणाले, आणि कायदाही लिहिला. दोन्ही. १९४६मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली. अर्ज मागवला, स्वप्नं नव्हेत, हे जुना_वाचक यांच्या बाजूने. :-)

पण त्याच १९४६मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत एका चर्चच्या तळघरात लफार्ग क्लिनिक सुरू झालं. रिचर्ड राइट हा कादंबरीकार आणि फ्रेडरिक वर्थम हा मनोविकारतज्ज्ञ त्यामागे. आठवड्यातून दोन संध्याकाळी चालायचं, फी २५ सेंट, नसेल तर तीही नाही. तिथला अनुभव घेऊन वर्थम डेलावेअरच्या शाळा-खटल्यात साक्षीला उभा राहिला आणि वेगळ्या शाळा मुलांच्या मनाला इजा करतात हे त्याने न्यायालयात सांगितलं. तो खटला पुढे १९५४च्या ब्राउन निकालात, म्हणजे काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, सामील झाला. मनाची भाषा नसती तर न्यायालयाला काय सांगितलं असतं? इमारत सारखी, बाकं सारखी, मग तक्रार काय?

जुना_वाचक:
हा मुद्दा वजनदार आहे. फक्त, ब्राउन निकालाच्या तळटिपेत ज्या संशोधनाचा मान झाला ते क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगाकडे जातं. पोरासमोर काळी आणि गोरी बाहुली ठेवून विचारायचं, यातली चांगली कोणती. ते साधं मानसशास्त्र आहे. माझं भांडण मनाशी नाहीच, मनोविश्लेषक रुग्णाला ज्यावर आडवं करतो त्या कोचाशी आहे.

रेवा:
इथे पाच पुरुष फॅनॉनवर बोलतायत आणि दुसऱ्या प्रकरणाचं नाव कुणी काढत नाही, हे अपेक्षितच होतं. (आयडीवरून पुरुष म्हणतेय, कुणी बाई असेल तर हात वर करा.)

दुसऱ्या प्रकरणात तो मायोत कापेसिया या मार्तिनिकच्या लेखिकेला धारेवर धरतो. तिच्या नायिकेला गोरा पुरुष हवा आहे, म्हणजे यच्चयावत काळ्या बाईला गोरेपण हवं आहे! तिसऱ्या प्रकरणात रने मारानचा नायक, काळा पुरुष, गोऱ्या बाईच्या प्रेमात. तिथे मात्र फॅनॉन सांगतो की हा एक एकटा आजारी माणूस आहे, लहानपणी टाकला गेलेला, याच्यावरून साऱ्या काळ्या पुरुषांबद्दल बोलू नका. पुरुषाला केस-पेपर, बाईला जातीचा शिक्का. पुढे काळ्या स्त्रीच्या कामजीवनाचा प्रश्न येतो तेव्हा तिच्याबद्दल मला काही ठाऊक नाही असं म्हणून मोकळा होतो. ठाऊक नव्हतं तर आधीचं अख्खं प्रकरण कशाच्या जोरावर लिहिलं?

तेव्हा जुना_वाचक, मनोविश्लेषण कच्चं होतं हे खरं, पण डॉक्टर पक्का होता हेही लगेच मान्य करू नका. कच्चेपणा कुणाच्या वाट्याला आला तेही बघा.

मनोविकारवाला:
रेवाताई, याला उत्तर नाही. तुलना बिनतोड आहे.

जुना_वाचक यांना मात्र एक आहे. फॅनॉनच्याच 'द रेचेड ऑफ द अर्थ' (१९६१) मधलं पाचवं प्रकरण. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात एक पोलीस निरीक्षक फॅनॉनकडे येतो. दिवसभर कैद्यांचा छळ करतो, घरी येऊन बायकोपोरांना बदडतो. नोकरी सोडायची नाही. मागणी एवढीच की अपराधी न वाटता छळ करता यावा असा उपचार द्या. तुमचं कॉफीघर इथे काय करणार?

जुना_वाचक:
आणि तुमचा कोच काय करणार? फॅनॉनने काय केलं ते १९५६च्या त्याच्या राजीनाम्यात आहे. माणूस आपल्या भोवतालात परका राहू नये म्हणून मनोविकारशास्त्र असतं, आणि इथे अरब माणूस स्वतःच्या देशात कायमचा परका आहे, असं लिहून तो बाहेर पडला. त्यानंतर फ्रेंचांनी त्याला अल्जीरियातून हाकललं. नव्याने वाचणाऱ्यांना मी म्हणेन, ते पाचवं प्रकरण आधी वाचा, त्या पुस्तकाला सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलेली प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

मनोविकारवाला:
प्रस्तावनेबाबत सहमत, सुरुवातीबाबत नाही. 'ब्लॅक स्किन'चं चौथं आधी.

रेवा:
वाचा. पण 'ब्लॅक स्किन'चं दुसरं आणि तिसरं प्रकरण शेजारीशेजारी ठेवून वाचल्याशिवाय इथे परत प्रतिसाद देऊ नका.