सरासरी माणसाच्या पोटातलं ॲडिटिव्ह मोजून काय सिद्ध होतं?

आकडेमोड

परवा एका पोस्टमध्ये हिशेब मांडला होता : वर्षभरात खपलेलं एकूण स्वीटनर घ्या, लोकसंख्येने भागा, मग ३६५ ने भागा. उत्तर एडीआयच्या (आयुष्यभर रोज खाल्लं तरी चालेल अशी, वजनाच्या किलोमागे ठरवलेली दिवसाची मर्यादा) कितीतरी खाली येतं, तेव्हा ॲडिटिव्हवरून, म्हणजे अन्नात वरून घातलेल्या रंग, स्वीटनर, टिकवणारी द्रव्यं असल्या गोष्टींवरून, ओरडणारे अडाणी आहेत. खाली भराभर ‘पटलं’, ‘पटलं’ पडलं. मला पटलेलं नाही, आणि दोन ओळींत सांगून होण्यासारखं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

शंभर माणसं धरा. त्यातली पाचच ते पेय पितात, पण रोज पितात. भागाकार केला की त्या पाच जणांचं पिणं उरलेल्या पंचाण्णवांच्या नावावर चढतं. प्रत्यक्षात त्या पाचांच्या पोटात सरासरीच्या वीसपट जातंय. धोका असलाच तर त्यांना, आणि नेमके तेच हिशेबातून पुसले गेले. म्हणून तर या कामातले लोक ‘फक्त खाणारे’ वेगळे काढतात आणि त्यातला ९५वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या पंचाण्णवांपेक्षा जास्त खाणारा, बघतात. युरोपची अन्नसुरक्षा संस्था ईएफएसए तर एकाच ब्रँडला चिकटलेला ग्राहक वेगळा धरते. बाजारातल्या सगळ्या ब्रँडची सरासरी कुणी पीत नाही. माणूस आपला ठरलेला एक ब्रँड वर्षानुवर्षं पितो.

दुसरी गोष्ट वजनाची. ईएफएसएच्या हिशेबात बेंझोएटचा (पेयं टिकवायला घालतात ते) एडीआय किलोमागे ५ मिग्रॅ. पंधरा किलोच्या पोराला दिवसाला ७५ मिग्रॅ. युरोपात शीतपेयात लिटरमागे १५० मिग्रॅपर्यंत मुभा आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत पोराचा दिवसाचा वाटा संपला. त्याच्या साठ किलोच्या बापाला तिथवर पोहोचायला दोन लिटर प्यावं लागेल. घर एक, बाटली एक. भागाकारात मात्र दोघं एकेक डोकं.

मोजपात्र

बावीस वर्षं अन्नप्रक्रियेत काढली, त्यातली बारा क्वालिटीत. राहवलं नाही म्हणून लिहितो.

तुमचे १५० ही कमाल मुभा आहे. प्रत्यक्ष वापर नव्हे. मुभा आहे म्हणून कुणी काठोकाठ भरत नाही. बेंझोएट जास्त झालं की घशाला चुरचुरतं, माल परत येतो. सल्फाइट (सुकं फळ, रस टिकवायला घालतात ते) तर टिकतच नाही, उकळताना उडतं, नुसतं ठेवलं तरी कमी होत जातं. मांसात घातलेलं नायट्राइट मांसातच संयोग पावतं, तपासायला जाल तेव्हा घातल्याच्या मानाने थोडंच हाती लागतं. तुम्ही लोक कमाल मात्रेला कमाल खाण्याने गुणता आणि आलेल्या आकड्याने आयांची झोप उडवता.

बजेट मेथड आठवा, हॅन्सेनची, जास्तीत जास्त किती पोटात जाईल याचा ढोबळ अंदाज काढायची. किलोमागे १०० मिली पेय धरतात, म्हणजे साठ किलोचा माणूस दिवसाला सहा लिटर पितो! असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि २०२१ का गाळलंत? त्या वर्षी जेईसीएफएने, म्हणजे एफएओ-डब्ल्यूएचओच्या ॲडिटिव्ह तपासणाऱ्या समितीने, बेंझोएटचा एडीआय ५ वरून २० केला. तुमच्या त्याच पोराला आता दोन लिटर लागतात. २०२३ मध्ये ॲस्पार्टेम या स्वीटनरवरून रान उठलं, तेव्हा त्याच समितीने त्याचा एडीआय किलोमागे ४० मिग्रॅ कायम ठेवला. डाएट पेयाच्या कॅनमध्ये २०० ते ३०० मिग्रॅ धरलं तर सत्तर किलोच्या माणसाला ती हद्द ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅनच्या वर जावं लागतं. हे लिहिलं असतंत तर धागा एवढा चालला नसता.

आकडेमोड

२०२१ चं लिहायला हवं होतं, मान्य. पण २०१६ मध्ये ईएफएसएने सगळं तपासून ५ च ठेवला होता, हेही तुम्ही लिहा. दोन समित्या, दोन आकडे. तुम्ही सैल असलेला उचललात, मी घट्ट असलेला.

बजेट मेथडचं तुम्ही उलटं वाचताय. ती चाळणी आहे. सहा लिटर धरूनही एखादं ॲडिटिव्ह मर्यादेखाली राहिलं तर त्यावर आणखी पैसे खर्च करायचे नाहीत, एवढंच तिचं काम. जे चाळणीत अडकतं त्याच्यासाठी घरोघरचं खाणं विचारायचं, प्रत्यक्ष वापराचे आकडे मागवायचे. हे प्रत्यक्ष वापराचे आकडे कुणाकडे असतात? तुमच्याकडे. ते बाहेर का येत नाहीत?

दोघांची_आई

‘आयांची झोप उडवता’ हे वाचून लिहिते आहे.

माझ्या धाकट्याला दमा आहे, वजन वीस किलो. सल्फाइटने त्याला त्रास होतो हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं, कारण मी वही ठेवली होती. सल्फाइटचा जुना एडीआय किलोमागे ०.७ मिग्रॅ, म्हणजे त्याला दिवसाला १४. युरोपात सुकवलेल्या जर्दाळूला किलोमागे २००० मिग्रॅपर्यंत मुभा आहे. १४ मिग्रॅ म्हणजे सात ग्रॅम जर्दाळू. एक जर्दाळू साधारण तेवढाच भरतो. आणि तो ०.७ सुद्धा ईएफएसएने २०२२ मध्ये मागे घेतला, पुरेशी माहिती नाही म्हणून, आणि भरपूर खाणाऱ्यांबद्दल चिंता व्यक्त केली.

सात दिवस मी त्याच्या तोंडात गेलेला प्रत्येक घास ग्रॅममध्ये लिहिला. घरच्या काट्यावर. वेष्टनं जपून ठेवली. आठव्या दिवशी बेरीज करायला बसले तर बेरीज करायला काहीच नव्हतं. वेष्टनावर नाव असतं, नाहीतर नंबर असतो. किती घातलंय ते कुठेच नाही. मीठ किती ते छापतात, साखर किती ते छापतात. माझ्या मुलाला ज्याने धाप लागते तेच फक्त छापत नाहीत. मोजपात्र, मुभेचा आकडा खरा नाही म्हणता ना, मग खरा आकडा द्या. आम्ही दुसरं काय वापरायचं?

मोजपात्र

ताई, तुमच्या मुलाला त्रास होतो त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण संवेदनशीलता वेगळी आणि एडीआय वेगळा. एडीआय आयुष्यभर रोज खाण्यासाठी असतो. दमेकऱ्याला किती चालेल हे त्यातून कळत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत एक जर्दाळूही नको, इथे मला वाद घालायचाच नाही.

कृती मात्र कुणी छापणार नाही. तो धंदा आहे.

दारोदार

तुमच्या दोघांच्या गणितात ‘किती खाल्लं’ हा आकडा येतो ना, तो मी आणते. नऊ वर्षं आहारसर्वेक्षणाच्या मुलाखती घेतल्या. काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं, चोवीस तासांचं. वाटी-चमच्यांचे नमुने पिशवीत घेऊन फिरायचे.

एका घरातला प्रसंग. मुलगा सहा-सात वर्षांचा, आई शेजारी बसलेली. ‘काल गोळ्या, पेय, काही रंगीत?’ आई म्हणाली, ‘आमच्याकडे असलं काही येतच नाही.’ मुलगा माझ्याकडे बघत होता आणि त्याची जीभ गडद नारिंगी होती. मी फॉर्मवर शून्य लिहिलं. तेच लिहावं लागतं, जीभ हा रकाना फॉर्ममध्ये नाही.

असे शून्य मी किती लिहिले असतील. शिवाय लोकांना आठवतच नाही. सॉस जेवणात धरत नाहीत. च्युइंगगम खाल्लं असं कुणीही आपणहून सांगितलेलं नाही. खोकल्याचं गोड औषध, टूथपेस्ट... यातही रंग आणि स्वीटनर आहेत, पण ते ‘अन्न’ नाही म्हणून विचारायचंच नाही. तुम्ही दशांशचिन्हावरून भांडता तेव्हा मला ती जीभ आठवते.

स्पष्टवक्ता

चला, एकदाचं कुणीतरी बोललं. लोक खोटं बोलतात, आणि आया सगळ्यात जास्त. वर सात दिवसांच्या वहीचं कौतुक वाचलं. तीही अशीच भरली असणार. सगळा सर्व्हे कचऱ्यात टाका.

दोघांची_आई

तुम्ही माझ्या घरी आला होतात? रात्री दोनला नेब्युलायझर धरून बसलेल्या बाईने वहीत खोटं कुणासाठी लिहायचं? मला त्यातून बक्षीस मिळणार होतं? हे शब्द मागे घ्या, नाहीतर मला तुमच्याशी एक अक्षर बोलायचं नाही.

दारोदार

स्पष्टवक्ता, मी ‘खोटं’ हा शब्द वापरलेला नाही, माझ्या तोंडी घालू नका. त्या बाईला वाटत होतं की मी तिची परीक्षा घ्यायला आले आहे. हातात फॉर्म, गळ्यात ओळखपत्र, आणि ‘मुलाला काय खाऊ घालता?’ असा प्रश्न. कुणीही आवरूनसावरूनच उत्तर देईल. पुरुषही देतात, एवढंच की त्यांना पोराने काय खाल्लं हे मुळात ठाऊक नसतं, म्हणून त्यांचं उत्तर प्रामाणिक वाटतं.

मोजपात्र

लोक कमी सांगतात ही गोष्ट कामाची आहे, पण कुणाच्या बाजूने? मी म्हणेन, मग कमाल मुभा धरून केलेला फुगीर हिशेब आणि कमी सांगितलेलं खाणं, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर येतं.

आकडेमोड

दोन चुका उलट दिशेच्या आहेत म्हणून सारख्याच मापाच्या असतील, हे कुठून आणलंत? क्वालिटीत बारा वर्षं काढलेला माणूस हे म्हणतो? एका काट्यावर जास्त दाखवतं आणि दुसऱ्यावर कमी, म्हणून तुम्ही माल पास केला असता का?

कमी सांगण्याचं मापही घेतलं गेलंय. डबली लेबल्ड वॉटर (ज्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचा माग काढता येतो असं पाणी) देऊन शरीराने खरोखर किती ऊर्जा खर्च केली ते काढतात आणि सांगितलेल्या खाण्याशी ताडून बघतात. गोल्डबर्ग नावाच्या संशोधकाने १९९१ मध्ये कटऑफ दिला तो यासाठीच : सांगितलेल्या खाण्यावर माणूस जगूच शकत नसेल तर ती मुलाखत बाजूला काढा. आणि हे कमी सांगणं सगळ्या पदार्थांत सारखं वाटलेलं नसतं. गोडधोड आणि येताजाता तोंडात टाकलेलं जास्त गळतं, आणि ॲडिटिव्ह नेमकी तिथेच आहेत.

काही ठिकाणी जिभेवर विसंबायची गरजही नाही. ॲसेसल्फेम आणि सॅकरिन ही स्वीटनर शरीरात मोडत नाहीत, लघवीत तसेच्या तसे उतरतात. चोवीस तासांची लघवी गोळा करा, किती प्यायला ते कळतं. ॲस्पार्टेमचं असं होत नाही, पोटातच त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे साध्या अन्नातूनही येतात. बेंझोएटचं हिप्प्युरिक आम्ल होतं, पण तेही दहा वाटांनी येतं. म्हणजे निम्म्या प्रश्नांसाठी पुन्हा दारोदारच्या फॉर्मकडेच यावं लागतं. फॉर्म सुधारा, कचऱ्यात टाकू नका. फ्रान्समध्ये न्यूट्रिनेट-सांते हा आहाराचा मोठा अभ्यास २००९ पासून चालू आहे, तिथे लोक पदार्थाबरोबर ब्रँडही नोंदवतात, म्हणून कुठलं ॲडिटिव्ह हे तरी सांगता येतं.

स्पष्टवक्ता

वहीबद्दल लिहिलं ते मागे घेतो. ते मी न वाचता लिहिलं. सर्व्हेवर माझा विश्वास नाही, तो नाहीच.

दोघांची_आई

ठीक आहे.

मोजपात्र, माझा प्रश्न तसाच राहिला. जिभेचा, लघवीचा, सगळ्यांचा विषय झाला.

मोजपात्र

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण विचार करत होतो.

एक गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका. वापराचे आकडे मागणारे फॉर्म आमच्याकडे यायचे. ते भरायचं काम चार वर्षं माझ्याकडे होतं. बॅचला जे पडायचं ते मी कधीच लिहिलं नाही. त्याच्या बरंच वरचं लिहायचो, मुभेच्या जवळ जाणारं. उद्या कच्चा माल खराब आला आणि मात्रा वाढवावी लागली तर कुणी बोट दाखवू नये म्हणून. वरिष्ठांनी सांगितलं होतं असंही नाही, मला तेच शहाणपणाचं वाटायचं. म्हणजे ज्या फुगीर आकड्यांवर मी या धाग्यात चिडलो, त्यातले काही माझ्याच हातचे असतील. तुमच्यासारख्या कुणाची झोप त्याने उडाली असेल तर त्यात माझाही वाटा आहे.

पण आकडेमोड यांचंही म्हणणं पुरतं मान्य नाही. ब्रँडला चिकटलेला, तोच ९५व्या पर्सेंटाइलमधला, तोच सगळ्यात कमी वजनाचा आणि त्याचाच ब्रँड सगळ्यात जास्त घालणारा... हे सगळं एका जीवात कितीदा जमून येतं?

आकडेमोड

क्वचित. पण जमून येतं तेव्हा ते एकेका लहान मुलातच येतं. पेयाचा नाद लागलेलं, जेवणाला नाही म्हणणारं मूल शोधायला फार लांब जावं लागत नाही.

फॉर्मचं सांगितलंत, ते सांगणं सोपं नव्हतं.

मोजपात्र

ताई, तुमच्या वहीतली वेष्टनं अजून असतील तर ज्यांच्यावर सल्फाइटचं नाव किंवा २२० ते २२८ मधला नंबर आहे त्यांची यादी इथे टाका. ब्रँड नको, फक्त प्रकार : सुकं फळ, रस, सिरप, जे असेल ते. त्या त्या प्रकारात साधारण किती पडतं आणि उकळल्यावर किती उरतं, ते मला जेवढं आठवतं तेवढं एकेकासमोर लिहितो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यावर काही ठरवू नका.

दोघांची_आई

एकवीस वेष्टनं आहेत. आज रात्री टाकते.

दारोदार

त्यात खोकल्याचं औषध होतं का, तेही बघा.