अनुभव धागा : वय झालेली जुनी गाडी आणि तिचे बिघाड

२०१९ साली मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून २०१० ची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी विकत घेतली. ते निवृत्त होऊन गावी चालले होते, गाडी ५८,००० किलोमीटर चाललेली होती आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती त्यांनी फाईलमध्ये लावून ठेवली होती, त्यामुळे आमचा व्यवहार एका बैठकीत पक्का झाला. पहिली चार वर्षे गाडीने मला कोणताही त्रास दिला नाही. जून २०२३ पासून मात्र ती चालता चालता बंद पडू लागली. सकाळी गोरेगावहून निघताना ती व्यवस्थित चालू होत असे, पण जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर अर्धा-पाऊण तास कोंडीत काढला की पवईच्या आसपास इंजिन अचानक थांबायचे. इंजिन थांबताच स्टिअरिंग जड होते आणि एकदोनदा ब्रेक दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. मागून बस येत असताना हा अनुभव किती भीतीदायक असतो, हे ज्यांच्यावर ती वेळ आली आहे त्यांना सांगायला नको. वीस मिनिटे थांबले की गाडी काहीच न झाल्यासारखी पुन्हा चालू होत असे.

पुढच्या आठ महिन्यांत तीन गॅरेजमध्ये मिळून स्पार्क प्लग (१,२०० रुपये), बॅटरी (४,२०० रुपये), इंधनाचा पंप (६,५०० रुपये) आणि इग्निशन कॉइल (२,८०० रुपये) बदलून झाले, म्हणजे १४,७०० रुपये खर्च झाले आणि गाडी होती तशीच राहिली. जानेवारी २०२४ मध्ये ती गांधीनगर जंक्शनच्या अलीकडे बंद पडली, तेव्हा जवळच्या एका टपरीवजा गॅरेजमधील वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी कोणताही भाग खोलला नाही. मला फक्त चावी फिरवायला सांगितली आणि स्वतः खिडकीतून आत वाकून इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत राहिले. इंजिन घरघरत होते, पण काटा शून्यावरून हलत नव्हता. मग त्यांनी माझ्या पिण्याच्या पाण्याची बाटली मागून घेतली, बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या बाजूला खोल बसवलेल्या एका छोट्या काळ्या भागावर अर्धी बाटली हळूहळू ओतली आणि पुन्हा चावी फिरवायला सांगितली. गाडी लगेच चालू झाली. तो क्रँक सेन्सर होता, म्हणजे इंजिन फिरत असल्याचा संकेत गाडीतील संगणकाला देणारा भाग. तापला की त्याचा संकेत तुटत होता आणि संकेत नसल्यामुळे संगणक ठिणगी आणि इंधन दोन्ही बंद करत होता. नवा सेन्सर १,४०० रुपयांना आला. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

जुन्या गाडीत दोष शोधण्याआधी भाग बदलण्याची आपल्याकडे जी पद्धत पडली आहे, तिची किंमत मी मोजली, म्हणून हा धागा काढत आहे. आपली गाडी कोणत्या वर्षाची, घेतली तेव्हा किती चाललेली, लक्षण काय दिसले, आधी कशाला दोष दिला गेला आणि खरे कारण काय निघाले, हे कृपया सविस्तर लिहावे. वर फक्त आपण राहता त्या भागाचे नाव द्यावे, कंपनीचे किंवा गॅरेजचे नाव लिहू नये ही विनंती, कारण येथे तक्रारींपेक्षा कारणांची नोंद व्हावी अशी माझी इच्छा आहे.

मुलुंड

माझा अनुभव पाण्यात राहिलेल्या गाडीचा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मी एका दलालामार्फत २०१४ ची सेडान घेतली. किंमत बाजारभावापेक्षा कमी होती आणि आतील गालिचा अगदी नवा होता. मला तेव्हा ते गाडी जपल्याचे लक्षण वाटले. पहिला पाऊस पडल्यावर सेंट्रल लॉक आपोआप उघडू लागले, मग मागची काच खाली जाऊन वर येईनाशी झाली आणि एअरबॅगचा दिवा कायमचा लागून राहिला. प्रत्येक वेळी मी स्विच, मोटर, फ्यूज असे काहीतरी बदलत राहिलो.

अखेर एका वायरमनने चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचून दाखवला. रोजच्या वापरात जो भाग कधीच बाहेर येत नाही, तेथे पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती आणि तिच्या खालचा पट्टा गाळाने ताठ झाला होता. सीटखालच्या रुळांवर गंज होता, स्टेपनीच्या खोबणीत वाळलेला चिखल होता आणि गालिच्याखालच्या वायरींच्या जोडण्या हिरव्या पडल्या होत्या. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहरातील अनेक सखल भाग पाण्याखाली गेले होते, त्याच दिवशी ही गाडीही बुडाली असावी, असा माझा अंदाज आहे. इंजिन शेवटपर्यंत उत्तम चालले. तांब्याच्या तारा मात्र आतून गंजत गेल्या आणि त्यावर उपाय म्हणजे पूर्ण वायरिंग बदलणे, जे गाडीच्या किमतीला परवडणारे नव्हते. खरे कारण सांगून मी ती गाडी तोट्यात विकली. मुंबईत जुनी गाडी पाहायला जाताना सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहायला एक मिनिट पुरते, एवढे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

चेंबूर

मी २०१३ ची, कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली गाडी २०२० साली ७१,००० किलोमीटरला घेतली आणि ती रोज स्वतः चालवते. गॅसवर खर्च कमी येतो म्हणून पेट्रोलच्या टाकीत आम्ही कधीच दोन-तीन लिटरपेक्षा जास्त पेट्रोल ठेवत नसू. दोन वर्षांनी मागच्या सीटखालून सतत बारीक घूं असा आवाज येऊ लागला, पुढे सकाळी गाडी चालू व्हायला चार-पाच वेळा चावी फिरवावी लागे, आणि एके दिवशी ती चालूच झाली नाही. सर्वांनी गॅस किटला दोष दिला. किटची तपासणी झाली, फिल्टर बदलला, परंतु उपयोग झाला नाही.

बिघाड पेट्रोलच्या पंपात होता. हा पंप टाकीच्या आत असतो आणि सभोवतालच्या पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. टाकी कायम रिकामी ठेवली की तो तापत राहतो आणि जळतो. आमच्या गाडीत इंजिन आधी पेट्रोलवर चालू होते आणि थोडे तापल्यावर गॅसवर जाते, त्यामुळे गॅस पूर्ण भरलेला असूनही गाडी जागची हलत नव्हती. आता मी टाकी निदान एक चतुर्थांश भरलेली ठेवते आणि आठवड्यातून एकदा चेंबूर ते शीव असे अंतर पेट्रोलवर चालवते. जुनी सीएनजी गाडी घेणाऱ्यांनी सिलिंडरच्या दाबचाचणीची तारीखही पाहावी. ती दर तीन वर्षांनी करावी लागते. आमच्या आधीच्या मालकांनी ती केलेली नव्हती आणि त्यामुळे गॅस भरण्याच्या पंपावर दीड तास रांगेत उभे राहूनही मला गॅस न घेता परत यावे लागले होते.

परळ

थोडक्यात लिहितो. गाडी २०११ ची. तीन सिलिंडरांवर चालल्यासारखी थरथरत होती, मिसिंग, म्हणजे एका सिलिंडरात इंधन पेटत नाही, म्हणून इग्निशन कॉइल बदलण्याचा सल्ला मिळाला. सुदैवाने मुलाने मोबाइलचा दिवा लावून इंजिनाच्या मागील बाजूस पाहिले, तर इंजेक्टरची वायर उंदराने कुरतडून अर्धी तोडली होती आणि बॅटरीजवळ पावाचे तुकडे साठवलेले होते. तळमजल्यावरील पार्किंगला लागूनच कचऱ्याचे डबे आहेत. तंबाखूची पाने कापडात बांधून ठेवल्याने काही आठवडे फरक पडतो, वास उडाला की उंदीर परत येतात. डबे हलवून घेतल्यावरच त्रास थांबला.

बोरिवली

२००९ ची गाडी, घेतली २०१६ मध्ये, तेव्हा ६४,००० किलोमीटर चाललेली. शहरात तिचे तापमान नेहमीपेक्षा खालीच राहत असे आणि मी ती गोष्ट चांगली समजत होतो. त्या वर्षी गणपतीसाठी चिपळूणला निघालो. माणगावच्या कोंडीत काटा मध्यावर आला, कोंडी सुटल्यावर खाली गेला, आणि कशेडी घाटाच्या चढावर तो लाल रेषेला टेकला. गाडीत आई, पत्नी आणि दोन मुले होती. वातानुकूलन बंद करून, काचा उघडून मी हीटर पूर्ण सोडला, त्यामुळे काटा थोडा उतरला आणि आम्ही कसेबसे सपाट जागी पोहोचलो. झाकण मी लगेच उघडले नाही, हे एक बरे केले; तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून हात भाजून घेतलेले नातेवाईक आमच्या घरात आहेत.

चिपळूणच्या मिस्त्रींनी जे दाखवले ते येथे मुद्दाम लिहितो. आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला होता, म्हणून शहरात इंजिन गरजेपेक्षा थंड राहत होते आणि मायलेजही कमी मिळत होते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरल्यामुळे रेडिएटरच्या निम्म्या नळ्या गंजाच्या गाळाने बुजल्या होत्या. थर्मोस्टॅट नसल्यामुळे हा दोष सपाट रस्त्यावर झाकला जात होता आणि घाटातच उघडा पडला. त्यांनी एक साधी खूणही सांगितली: उभ्या गाडीत तापमान वाढून चालत्या गाडीत उतरत असेल तर आधी पंखा पाहावा, आणि चढावर किंवा वेगात वाढत असेल तर रेडिएटर आणि पाण्याचा पंप पाहावा.

मी रेडिएटर बदलून घेतला आणि काम संपले असे मानले. पुढच्या दोन महिन्यांत कूलंट रोज थोडे कमी होऊ लागले, खाली मात्र एक थेंबही सांडत नव्हता. मग एका सकाळी ऑइलचे झाकण काढले तर आतल्या बाजूला दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट थर होता. घाटात हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापून वाकले होते आणि त्याखालच्या गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये उतरत होते. हेड उतरवून त्याचे फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा सपाट, करण्यापर्यंत सर्व मिळून २२,००० रुपये लागले. एका थर्मोस्टॅटची किंमत वाचवणाऱ्या त्या आधीच्या मालकाचा मला आजही राग येतो. गाडी घेण्यापूर्वी इंजिन थंड असताना रेडिएटरचे आणि ऑइलचे अशी दोन्ही झाकणे उघडून पाहावीत. पाणी गंजाच्या रंगाचे दिसले तर त्या व्यवहारातून बाहेर पडावे.

वर्सोवा

समुद्राकाठी उघड्यावर गाडी उभी करणाऱ्यांसाठी: वरून रंग उत्तम दिसत असताना आमच्या गाडीचे रनिंग बोर्ड, म्हणजे दारांखालचा पत्रा, आतून पूर्ण सडले होते, जॅक लावल्यावर तो पत्र्यातून आत गेला. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात, ती मातीने बुजली की पाणी आतच राहते. मी ती दर पावसाळ्याआधी जाड दोऱ्याने मोकळी करतो. वातानुकूलनाचा गॅसही दरवर्षी भरावा लागत होता. कूलिंग कॉइलला सूक्ष्म गळती होती, ती कॉइल बदलली तेव्हा हा खर्च थांबला.

विलेपार्ले

आमची गाडी जुनी आहे, मात्र ती आम्हीच २००८ साली नवी घेतली होती, त्यामुळे येथे लिहावे की नाही असा विचार करत होते. यजमानांची दृष्टी कमी झाल्यापासून गाडी मी चालवते आणि नोंदी ते ठेवतात. २०२३ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होत आली, तेव्हा गाडी भंगारात द्यावी असे घरातील सर्व तरुणांचे मत होते. आम्ही एका जाणत्या मिस्त्रींकडून तिची पूर्ण तपासणी करून घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्स सुस्थितीत होते. खराब झाले होते ते सगळे रबर. रेडिएटरच्या नळ्या दाबल्या की त्यांवर भेगा दिसत, सस्पेन्शनचे बुश खड्ड्यांनी फाटले होते, ब्रेकच्या कॅलिपरमधील सील कडक झाल्याने एक चाक नेहमी गरम राहत होते. आमची गाडी वर्षाला जेमतेम ५,००० किलोमीटर चालते, तेव्हा ती झिजलेली नसणार असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु रबर वयाने आणि उष्णतेने खराब होते, त्याला किलोमीटरशी कर्तव्य नसते. हे सर्व भाग आम्ही एकाच वेळी बदलले.

नूतनीकरणाचा अर्ज २५ क्रमांकाच्या नमुन्यात, मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले होते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागला. अंधेरीच्या आरटीओमध्ये निरीक्षकांनी दिवे, हँडब्रेक, वायपर, टायर आणि चासी क्रमांक पाहिला आणि पुढील पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळाली. चासी क्रमांकावर गंज चढला असेल तर तो आधी हलक्या हाताने साफ करून घ्यावा. आमच्यापुढच्या गृहस्थांना केवळ त्यासाठी परत जावे लागले.

त्यानंतर गाडी रस्त्यात एकदाही थांबलेली नाही. डॅशबोर्डच्या खणात आम्ही एक शंभर पानी वही ठेवतो. त्यात तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि का बदलले, एवढेच लिहिलेले असते, आणि कोणत्याही गॅरेजमध्ये गेले की बॉनेट उघडण्याआधी मी ती वही मिस्त्रींच्या हातात देते. गेल्या मंगळवारची नोंद ८२,४०० किलोमीटरची आहे: अल्टरनेटरचा पट्टा बदलला, कारण सकाळी चालू करताना दोन सेकंद चिरका आवाज येत होता. जुना पट्टा तुटलेला नव्हता, म्हणून तो कागदात गुंडाळून डिकीत स्टेपनीजवळ ठेवला आहे, म्हणजे नवा कधी रस्त्यात तुटलाच तर घरापर्यंत येता येईल.