लूनर विरुद्ध मर्डर: तीसच्या तोफांनी पंचेचाळीसला उत्तर कसे द्यावे?

टिळकवाडीकर:
नमस्कार. ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ हा अवकाशजहाजांच्या छोट्या प्रतिकृती आणि फासे घेऊन टेबलावर खेळायचा १९९९ सालचा युद्धखेळ आम्ही चौघे मित्र बेळगावात दर रविवारी खेळतो. खडेबाजारातून आणलेले काळे कापड जेवणाच्या टेबलावर अंथरले की आमचे अवकाश तयार होते. माझ्याकडे इम्पीरियल ताफ्यातल्या दोन लूनर क्रूझर आहेत आणि समोरच्याकडे केऑस या शत्रुपक्षाच्या दोन मर्डर क्रूझर. ताफा उभारताना मोजायच्या किमतीत लूनर १८० पॉइंटची आणि मर्डर १७० पॉइंटची, म्हणजे महागडे जहाज माझे. तरीही वेग माझा २० सें.मी. आणि त्याचा २५. त्याच्या प्रत्येक बाजूला १० ताकदीची बॅटरी (तोफांची रांग) असून ती ४५ सें.मी.पर्यंत मारते, तर माझ्या प्रत्येक बाजूला ६ ताकदीची बॅटरी आणि दोन लान्स (चिलखत भेदणाऱ्या किरणतोफा), आणि त्यांचा पल्ला ३० सें.मी.लाच संपतो. सलग तीन रविवार मी हरलो आहे. गेल्या खेपेस चाळीस सें.मी. अंतरावर दोन्ही जहाजे आडवी करून समांतर चालवली, टॉर्पेडो पुन्हा भरावेत म्हणून चौथ्या फेरीत एक लूनर मागे वळवली, आणि नेमकी तीच आधी निकामी झाली. लूनरची रचनाच दुबळी आहे, की मीच ती चुकीची चालवतो आहे?

उद्यमबागचा मोल्डर:
रचना दुबळी नाही. आपण तिची सर्वांत दुबळी बाजू शत्रूला दाखवत आहात. लूनरचे नाक एकदा हातात घेऊन पाहा, ते नांगराच्या फाळासारखे आहे, आणि नियमांतही पुढचे चिलखत ६+ असून (फाशावर सहाच पडला तर मारा लागतो) बाकी सगळीकडे ५+ आहे (पाच किंवा सहा पडला तरी लागतो). आता तोफांचा तक्ता उघडा. १० ताकदीची बॅटरी समोरून चालून येणाऱ्या क्रूझरवर सात फासे टाकते, पण अंतर ३० सें.मी.च्या वर गेले की रकाना एक घर उजवीकडे सरकतो आणि पाचच फासे उरतात. त्या पाचांत सहा पडला तरच मारा लागणार, म्हणजे सरासरीने एकही पुरता नाही, आणि आपल्याकडे तर मारे झेलणाऱ्या दोन शील्ड, म्हणजे ढाली, आहेत. तेच जहाज पाठ दाखवून पळू लागले तर त्याच अंतरावर फासे चार होतात खरे, पण ते पाचावरही लागतात, म्हणजे मारा दीडपटीहून अधिक. आपली लूनर नेमकी तिथे गेली. आडवे चालल्यानेही फार नुकसान झाले नसते, पण चाळीसवरून आपल्या एकाही तोफेचा पल्ला पोचत नव्हता, त्यामुळे त्या तीन फेऱ्या आपण फुकट घालवल्या. आणखी एक, टॉर्पेडो भरण्यासाठी वळण्याची गरजच नसते. भरण्याचा हुकूम द्यायचा आणि नाक शत्रूकडेच ठेवायचे. हुकूम लागू व्हायला दोन फाशांची बेरीज कप्तानाच्या नेतृत्वाच्या आकड्यापेक्षा जास्त येता कामा नये; तो आकडा ७ असेल तर ३६ शक्यतांपैकी २१ आपल्या बाजूच्या असतात, ८ असेल तर २६.

निपाणीकर:
मोल्डरसाहेबांचे गणित बरोबर आहे, पण मी स्वतः मर्डर चालवतो, त्यामुळे पलीकडच्या खुर्चीवरून काय दिसते तेही सांगतो. लूनर सरळ अंगावर आली तर मी तिथे थांबणार नाही; पाच सें.मी. जास्त वेगाचा फायदा घेऊन टेबलाच्या कडेकडेने सरकत राहीन. मला खरी भीती आहे ती तिच्या नाकातल्या सहा टॉर्पेडोंची, कारण शील्ड त्यांना अडवत नाहीत. माझ्या दोन टरेट (टॉर्पेडो पाडणाऱ्या छोट्या तोफा) सरासरीने एक पाडतात, उरलेले पाच ५+ वर लागतात, आणि आठ मारे सोसू शकणाऱ्या जहाजावर दीड-दोन मारे थेट बसतात. चार बसले की जहाज लंगडे होते, वेग कमी होतो आणि तोफा अर्ध्या होतात. म्हणून टॉर्पेडो हातचे राखून ठेवू नका आणि मी आत्ता जिथे आहे तिथे सोडूही नका. माझी क्रूझर आधी किमान दहा सें.मी. सरळ गेल्याशिवाय वळू शकत नाही आणि वळली तरी ४५ अंशच वळते, त्यामुळे पुढच्या फेरीत मी कुठे असू शकेन ते आपण कापडावर खडूने आखू शकाल. टॉर्पेडो तिथे सोडले की मला कडेचा रस्ता सोडून मध्ये, म्हणजे आपल्या तीसच्या आत यावे लागते. १९०५ साली त्सुशिमाला जपानी ताफ्याने समोरून येणाऱ्या रशियन जहाजांपुढे आडवे होऊन जो डाव साधला, तो लूनरपुढे तितका साधत नाही. तिचे सर्वांत घातक शस्त्र समोरूनच सुटते. मात्र आपले जेवणाचे टेबल १८० बाय १२० सें.मी.पेक्षा लहान असेल तर माझ्या पंचेचाळीसच्या पल्ल्याला फारशी किंमत उरत नाही, हेही मित्राला सांगू नका!

खानापूरकर:
एक लूनर बदलून गॉथिक जातीची क्रूझर घेण्याचा विचार करावा. किंमत तीच १८०, फक्त बॅटरीऐवजी प्रत्येक बाजूला चार लान्स. लान्सला चिलखत, अंतर किंवा जहाजाची दिशा यांपैकी कशाचेच सोयरसुतक नसते. चार किंवा त्याहून अधिक पडले की लागले. लूनरने आधी मारा करावा, म्हणजे शत्रूच्या शील्डवर स्फोटाचे मार्कर पडतात. मागून येणाऱ्या बॅटरीला त्या मार्करांमुळे एक रकाना गमवावा लागतो, पण गॉथिकच्या लान्सना नाही.

टिळकवाडीकर:
सर्वांचे आभार. काल रात्री एकटाच कापड अंथरून टेपने मोजत बसलो होतो. एरवी लूनर एका फेरीत ४५ अंशच वळते, त्यामुळे एकदा पाठ फिरवली की नाक पुन्हा शत्रूकडे आणायला चार फेऱ्या लागतात, हे मी तीन रविवार हरूनही कधी मोजले नव्हते. गॉथिक नंतर पाहू. या रविवारी त्याच दोन लूनर घेऊन सरळ नाकावर जाणार आहे, आणि टॉर्पेडो पहिल्याच फेरीत सोडणार आहे. निपाणीकरांचा खडूचा सल्ला मात्र मानता येणार नाही, कारण कापडावर खडूच्या रेघा दिसल्या की घरातून पुढच्या रविवारी टेबलच मिळणार नाही.