लहान पिस्तूल: परवाना आणि सराव

प्रश्न (रावेर): केळीच्या व्यापारामुळे मला रोख रक्कम घेऊन रात्री प्रवास करावा लागतो. स्वसंरक्षणासाठी कपड्यांखाली बाळगता येईल असे लहान पिस्तूल घ्यावे काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (जळगाव): भाऊ, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागतो आणि पोलीस चौकशीनंतरच निर्णय होतो. ९ मिलिमीटर पिस्तूल प्रतिबंधित वर्गात मोडते, म्हणून बहुतेक परवानाधारक .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास), उदाहरणार्थ आयुध निर्माणीचे ‘अशनी’, घेतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवण्याच्या म्यानात), पूर्णपणे झाकलेले असावे लागते.

उत्तर (चोपडा): परवान्याला उशीर होतो म्हणून सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याच्या नादी कृपया लागू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्रासाठी किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, शिवाय तो कट्टा हातातच फुटण्याचा धोका असतो.

उत्तर (भुसावळ): पिस्तूल जितके लहान, तितके ते अचूक चालवणे अवघड, कारण नळी आखूड असल्याने पुढची व मागची माशी (नेम जुळवण्याची खूण) जवळ येते, नेम धरताना झालेली किंचित चूकही लक्ष्यावर मोठी दिसते, आणि हलक्या वजनामुळे मागचा धक्का मनगटाला अधिक जाणवतो. अधिकृत रेंजवर नियमित सराव शक्य नसेल, तर माझ्या मते ते घेऊच नये. गोळी झाडण्याचा क्षण येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवण्याची सवय प्रथम लावावी. रोख रकमेचे म्हणाल, तर व्यवहार बँकेतून करणे अधिक सुरक्षित आहे.